वीरपत्नींच्या रांगेत आई

पत्र आईच्या नावानं आलं होतं आणि त्यावरचं नाव चुकलेलं होतं. म्हणजे तसं चुकलेलं नव्हतंही. हा घोळ आमच्या घरात मी जन्मायच्या आधीपासूनचा आहे, म्हणून तो आधी सांगून टाकते.

माझ्या आईची दोन लग्नं झाली, दोन्ही एकाच घरात. पहिलं माझ्या थोरल्या चुलत्याशी. तो सैन्यात होता. रजा काढून लग्नाला आला, अंगाची हळद जायच्या आत परत गेला. पुढच्या वर्षी आणखी एक रजा मिळाली. त्यानंतर उत्तरेकडे कुठेतरी बर्फातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली. माणूस घरी आला नाही. त्याच्या सामानाची काळी पत्र्याची पेटी तेवढी आली. वर्ष सरल्यावर चार जाणती माणसं बसली आणि त्यांनी आईचं धाकट्या दिराशी म्होतूर लावून दिलं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्यात म्होतूर म्हणतात. वडूजच्या पूर्वेला, मेंढरांमागं पिढ्यान्‌पिढ्या फिरलेल्या आमच्या लोकांत त्याचा कुणी फार बाऊ करत नाही. तो धाकटा दीर म्हणजे माझे वडील. त्यांना मी आबा म्हणते.

तर आईला दोन नावं आहेत. रेशनकार्डावर आबांची बायको आणि सैन्याच्या जुन्या यादीत थोरल्याची. कचेरीत सगळं रीतसर कळवलेलं आहे, पण जुनी यादी ती जुनी यादी. लहानपणी पोस्टमन दारात उभा राहून ते दुसरं नाव पुकारायचा आणि आई हात पुसत पुढं व्हायची, "व्हय, मीच." मला वाटायचं, आई त्या माणसाशी खोटं बोलते. चौथीत असताना शेजारच्या चुलतीनं शेंगा फोडता फोडता मला खरी गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाला काय म्हणायचं ते मला कळेनासं झालं. चुलता म्हणावं तर तो आईचा नवरा. आईचा नवरा म्हणावं तर मग आबा कोण? बारावीत असताना एकदा डोक्यात आलं की हा माणूस जगला असता तर आपण जन्मालाच आलो नसतो. तेव्हापासून मी त्या फोटोकडं बघायचंच सोडलं. मी सांगलीत गणित शिकवते. वर्गात पोरींना सांगते, प्रश्न नीट मांडला की निम्मा सुटतो. घरचा प्रश्न मला कधी मांडताही आला नाही.

आता पत्राचं. गावानं गायरानात स्मृती उद्यान केलं होतं. गावातले आणि वाड्यांवरचे जे जे कोणी फौजेत नोकरीवर असताना गेले, लढाईत असो वा आजारात वा अपघातात, त्या प्रत्येकाच्या नावानं एक झाड आणि काळ्या दगडावर नाव. उद्घाटनाला वीरमाता आणि वीरपत्नींचा सन्मान ठेवला होता. पत्रावर 'श्रीमती' आणि पुढं आईचं ते जुन्या यादीतलं नाव. सौभाग्यवती नाही, श्रीमती. ते पत्र वाचलं कुणी, तर आबांनी. ओट्यावर धडधाकट बसून, चष्मा पुसून, दोनदा. मग त्यांनी मला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "सुट्टी काढ. दादाचं झाड लावायचं हाय."

मी आदल्या दिवशी विट्यावरून मायणीमार्गे एसटीनं गावी पोचले ती भांडायच्या तयारीनंच. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. आबा उंबऱ्यात.

मी म्हटलं, "आई, तू जाऊ नको."

"मी कुटं म्हणती जाती म्हणून," आई म्हणाली.

"जायाचं," आबा म्हणाले. "उद्या दादाचं नाव पुकारलं आन कोण उठलंच न्हाई, मग?"

"मग तुमी उठा की," आई म्हणाली.

"मला कुटं बोलावलंय?"

हे खरं होतं. पत्रात वीरमाता होत्या, वीरपत्नी होत्या. भावांचं काही लिहिलं नव्हतं. माझी आजी जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, त्यामुळं वीरमाता म्हणून उठायला घरात कुणी नव्हतं. राहिली आई.

मी आबांवर चिडले. "तुमी जिवंत हाय आन आईला विधवांच्या रांगेत बसवणार? लोकं काय म्हणत्याल?"

"बसू दे की. ती बसली म्हणून मी मरतोय व्हय?"

आबांशी वाद घालण्यात हा तोटा आहे. ते चिडत नाहीत, त्यामुळं आपण एकटेच चिडलेलो दिसतो. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय तिथंच संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. मी रागातच जेवले.

सकाळी आईनं ट्रंक उघडली. हिरवं लुगडं काढलं, मांडीवर ठेवलं, परत घडी घालून आत ठेवलं. मग एक फिकट राखी रंगाचं काढलं, उजेडात धरून बघितलं आणि तेही ठेवलं. शेवटी मी गेल्या दिवाळीला घेतलेली चॉकलेटी साडी नेसली. हातातल्या बांगड्या मागं सारल्या, पुढं ओढल्या. मग आरशापुढं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडवून तशीच थांबली.

"कुक्कू लावू का गं?"

माझ्या आईनं मला आयुष्यात कधी सल्ला विचारलेला नाही. माझं लग्नसुद्धा तिनं मला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. त्यामुळं मी आणखीच वैतागले.

"लाव की. नवरा हाय तुझा."

"हाय," ती म्हणाली. "पर आज ज्येंच्यासाटी बसायचं, ते न्हाईत की."

तिनं कुंकू लावलं, रोजच्यापेक्षा बारीक. बाहेर आबांनी तांबडा फेटा नवा बांधला होता आणि ते आमची वाट बघत उन्हात उभे होते.

उद्यान चांगलं केलं होतं, उगीच नावं कशाला ठेवू. सिमेंटचे रस्ते, ठिबकच्या नळ्या, मध्ये झेंड्याचा खांब, बाकांवर ज्यांनी बाक दिले त्यांची नावं बाकांपेक्षा मोठी. फाटकाशी फोटो काढायला गावाच्या नावाची रंगीत अक्षरं उभी केलेली. काळ्या दगडापुढं मांडव होता. पाहुण्यांना सोफे, गावाला सतरंजी आणि डाव्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग, पाठीवर कागद चिकटवलेला: वीरमाता, वीरपत्नी. रांगेत चौघी जणी. दोन म्हाताऱ्या आया, एक पन्नाशीची बाई आणि कडेला एक तिशीची मुलगी, मोकळ्या गळ्याची, हातात मोबाईल उलटा धरून बसलेली. आई तिच्या शेजारी बसली. मी मागं सतरंजीवर. आबा मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे राहिले.

फाटकापासून बचत गटाची एक बाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बायकांचं स्वागत करत होती. सतरंजीवरच्या आम्हा सगळ्यांना लावलं आणि त्या रांगेपाशी येऊन ती वळणार, तेवढ्यात तिचं लक्ष आईकडं गेलं. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि पाठीमागं कागदावर वीरपत्नी. ती थांबली. ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं, कुणी काही सांगतंय का म्हणून मागं बघितलं. कुणी काही सांगेना. मग तिनं घाईघाईत आईला कुंकू लावलं. आता एकीला लावलं आणि शेजारच्या मुलीला नाही, हे तिलाच बरं दिसेना. तिनं त्या मुलीला लावलं. मग पन्नाशीच्या बाईला, मग दोन्ही म्हाताऱ्यांना. ओळीनं सगळ्यांना लावून ती जवळजवळ पळतच निघून गेली. एका म्हातारीनं पदरानं लगेच पुसून टाकलं. तिशीच्या मुलीनं पुसलं नाही. ती तशीच समोर बघत बसली. चूक झाली होती की चांगलं झालं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

माझ्या मागं दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. हळू म्हणजे त्यांच्या मते हळू.

"हिचा न्हवरा तर तितं खांबाला हुबा हाय की."

"त्यो दुसरा. पयला गेलाय."

"मग ही कुणाची वीरपत्नी?"

"पयल्याची."

"आन दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची बायकू."

"म्हंजे दोन्ही हीच?"

मागं वळून त्यांना झापावं असं मला फार वाटलं. पण झापून सांगणार काय? त्यांचा प्रश्न बरोबर होता. मी बेचाळीस वर्षांची झाले तरी तोच प्रश्न घेऊन बसले होते.

मग शाळेतल्या गुरुजींनी माईकवरून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. थोरल्याचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले की शत्रूशी झुंजताना छातीवर घाव झेलून या वीरानं देह ठेवला. टाळ्या झाल्या. मी आबांकडं बघितलं. ते खांबाशी कुणाला तरी सांगत होते, "गाडी पडली वं. खड्ड्यात गाडी पडली." ज्याला सांगत होते तो माणूस टाळ्या वाजवत होता.

आई उठली. मधेच थांबून तिनं मांडवाच्या टोकाला आबांकडं बघितलं. आबांनी हातानं खूण केली, जा, घे. ती गेली. शाल आणि नारळ घेतला, मान वर न करता परत आली आणि नारळ मांडीवर धरून बसली. तिचे कान लाल झाले होते. ती रागावली की लाजली हे मला ओळखू आलं नाही आणि आपल्याला आपल्या आईचं एवढंही ओळखू येत नाही याचं मला वाईट वाटलं.

झाडं लावायला खड्डे आधीच खणून ठेवले होते. प्रत्येक खड्ड्याशी एक रोप, एक झारी आणि नावाची पत्र्याची पाटी. थोरल्याच्या वाट्याला करंज आला होता. आम्ही तिघं तिथं पोचलो. आबांनी फेटा नीट केला, पायातल्या वहाणा काढल्या आणि वाकून रोपाला हात घातला. तेवढ्यात फोटोवाला आला.

"बाबा, तुमी जरा बाजूला व्हा. फकस्त वीरपत्नी पायजेत."

आबा लगेच बाजूला झाले. इतक्या लगेच, की जणू त्यांना ते ठाऊकच होतं. सिमेंटच्या रस्त्यापलीकडं हात मागं बांधून, अनवाणी उभे राहिले. मला भडभडून आलं आणि मी त्या फोटोवाल्यावर तोंड सोडलं. "ज्यांचं हे झाड आहे, त्यांचे सख्खे भाऊ आहेत ते. पाठचे. त्यांना बाजूला काय करता?"

"हां, मग घेऊ की, मागनं घेऊ. आदी ह्यो. बाई, पाणी घाला."

आई झारी धरून उभी होती. तिनं पाणी घातलं नाही.

"मला येत न्हाई," ती म्हणाली.

"आवं, निस्तं वतायचं."

"येत न्हाई मला."

जिनं जन्मभर कांद्याला, ज्वारीला, शेवग्याला पाणी पाजलं, ती बाई सगळ्यांदेखत म्हणत होती की झाडाला पाणी घालायला येत नाही. कुणी तरी हसलं. फोटोवाल्यानं तिचा हात धरून झारी थोडी वाकडी केली, फोटो काढला, आणि सगळा घोळका पुढच्या खड्ड्याकडं सरकला. मागनं घ्यायचा फोटो कुणी घेतला नाही. थोड्या वेळानं जेवणाची हाक आली आणि मसालेभाताच्या वासामागं माणसं निघून गेली. त्या करंजापाशी आई आणि मी राहिलो.

आई बाकावर बसली. शाल तिनं अजून अंगावर घेतली नव्हती, पिशवीतही ठेवली नव्हती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मला त्येंचं तोंड आठवत न्हाई."

तिनं मांडीवरच्या शालीची घडी नीट केली.

"फोटूतलं आठवतं. पर चालतं-बोलतं माणूस डोळ्याम्होरं येत न्हाई. सासू-सासऱ्यांदेखत कवा बोलणं न्हाई, मान वर करून बगणं न्हाई. दोन रजा. त्यातबी निम्मं दिस ते मेंढरांकडं. आन आज त्येंच्या नावानं शाल घ्यायची. लय लाज वाटली बग. चोरी केल्यागत."

दोन रजांचे दिवस मी मनात मोजायला लागले आणि मधेच सोडून दिले. मला तिची दया आली, आणि तिच्या जागी कुणीतरी दुसरं उठायला हवं होतं असंही वाटलं. पण कोण, ते मला अजून सुचलं नव्हतं. मान वळवली तर आबा मागं येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आता यांना वाईट वाटणार, असं मला वाटलं. आमच्या घरात थोरल्याबद्दल दोघं मिळून कधी बोलत नसत. फोटो आबा दसऱ्याला पुसायचे, आई दिवाळीला. मी समजत होते, दोघांना आता त्याचं काही वाटत नसावं. आई बोलायची नाही, आबांना वाटू नये म्हणून. आबा बोलायचे नाहीत, आईला वाटू नये म्हणून. एवढं साधं त्या दिवसापर्यंत मला कळलं नव्हतं.

आबा खड्ड्यापाशी दोन पायांवर बसले आणि रोपाभोवतीची माती दाबायला लागले.

"तोंड माझ्यागतच हुतं," ते म्हणाले. "नाक तेवढं चांगलं हुतं. आन पाण्याला लय भ्यायचा. उन्हाळ्यात आमी मेंढरं घिऊन कऱ्हाडाकडं उतरायचो तवा किस्ना वलांडताना माझा खांदा धरायचा. थोरला असून. पलीकडं गेलं की म्हणायचा, घरी सांगू नगंस."

आई ऐकत होती.

"एका घोंगड्यात निजायचो. सगळं घोंगडं वडून घ्यायचा सुक्काळीचा." आबा हसले आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मी आबांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मला उठावं की बसावं ते कळेना. "पेटी आली तवा मी मेंढरांकडं हुतो. सांगावा पोचून घरी येईपातूर चार दिस गेलं. तवर सगळ्यांचं रडून झालं हुतं. माणसं माझ्या आईला धरून बसलेली, हिला धरून बसलेली. मला म्हणली, आता तू घट रहा, तुलाच बगायचं हाय सगळं. वरसानं हिच्यासंगं लावून दिलं. मग कुटल्या तोंडानं रडू? लोकं म्हणली असती, ह्येला सगळं मिळालं आन ह्यो रडतोय कशापायी."

ते मातीच्या हातानंच डोळे पुसायला लागले. आईनं मांडीवरची शाल पुढं केली आणि त्यांनी तिच्या टोकाला तोंड पुसलं. नव्या शालीला माती लागली. एरवी यावरून आईनं दिवसभर बोलून घेतलं असतं.

मांडवातून जेवणाऱ्यांचा गलका येत होता. माझ्या मनात येत होतं, चव्वेचाळीस वर्षं हा माणूस घरात हिंडतोय, आणि याचा भाऊ गेलाय हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही नाही. मी आपली त्या फोटोचं आणि माझं नातं काय, एवढ्यातच अडकून पडले होते.

मग आईनं विचारलं, "आवं, मला बगाय आलं हुतं, तवा ते काय म्हणलं हुतं?"

"कवा?"

"बगाय. आमच्या वाडीला. तुमीबी संगं हुता की, मिसरूडबी फुटलं नव्हतं तुमाला. परत जाताना काय म्हणलं असत्याल की माझ्याबद्दल."

आबांनी नाक ओढलं. करंजाची एक वाकलेली डहाळी सरळ करत राहिले.

"त्यानं बगितलंच न्हाई तुला," ते म्हणाले. "मान खाली घालून पवं खाल्लं आन उठला. रस्त्यानं मला इचारलं, कशी हाय रं पोरगी. मी म्हणलं, चांगली हाय, दादा. त्यो म्हणला, मग झालं."

आई त्यांच्याकडं बघत राहिली.

"म्हंजे तुमीच बगितलं हुतं मला."

"व्हय," आबा म्हणाले. "मीच."